बाह्य हार्ड डिस्कची फाइल सिस्टीम बदलायची आहे, पण आतील चित्रीकरणे जाता कामा नयेत

तळकोकणी (प्रश्न) :

सर्वांना नमस्कार. माझ्याजवळ १ टीबीची एक बाह्य हार्ड डिस्क आहे. विंडोजमध्ये तिची क्षमता ९३१ जीबी दिसते आणि त्यांपैकी सुमारे ६१० जीबी भरलेली आहे. गेली बारा-तेरा वर्षे आमच्या परिसरातील जत्रांमध्ये होणारे दशावताराचे प्रयोग मी चित्रित करत आलो आहे आणि तो सगळा साठा या एकाच डिस्कवर आहे. त्यातले काही ज्येष्ठ कलावंत आता हयात नाहीत, आणि ते जी आख्याने ज्या रीतीने रंगवत असत, त्या रीतीने ती आता कोणी करत नाही. हे पुन्हा चित्रित करता येणार नाही, एवढे सुरुवातीलाच सांगून ठेवतो.

डिस्क विकत घेतली तेव्हाच ती फॅट ३२ मध्ये फॉरमॅट केलेली होती. घरच्या टीव्हीला जोडलेला प्लेअर तेवढाच प्रकार ओळखत असल्यामुळे मी ती तशीच वापरत राहिलो. आता अडचण अशी झाली आहे की, ४ जीबीपेक्षा मोठी फाइल तिच्यावर ठेवायला गेल्यास विंडोज नकार देते. पूर्वीच्या कॅमेऱ्याच्या फाइली लहान असत, त्यामुळे हे कधी जाणवले नाही. अलीकडे मी साधारण २५ मेगाबिट प्रतिसेकंद या दराने चित्रीकरण करतो, म्हणजे २३ मिनिटे होत नाहीत तोच ४ जीबी भरतात. रात्री सुरू झालेला प्रयोग पहाटे दहीकाल्यापर्यंत चालतो. त्याचे तुकडे जोडून एक अखंड आख्यान तयार केले, तर ते ठेवायला जागा असूनही डिस्क ते घेत नाही.

आतला साठा न पुसता ही डिस्क एनटीएफएस किंवा एक्सफॅट या प्रकारात नेता येईल का, आणि दोहोंपैकी कोणता प्रकार घ्यावा, हे जाणकारांनी कृपया सांगावे. संकलनाचे काम करणारे माझे स्नेही गोव्यात असतात आणि ते मॅक वापरतात, त्यामुळे डिस्क दोन्हीकडे चालायला हवी. माझ्या लॅपटॉपमध्ये २५६ जीबीची एसएसडी आहे आणि तिच्यात जेमतेम ९० जीबी मोकळी आहे. दुसरी मोठी डिस्क सध्या नाही. काही वर्षांपूर्वी दुरुस्तीच्या एका दुकानात ‘आतले काही जाणार नाही’ असे सांगून माझा एक पेन ड्राइव्ह फॉरमॅट करण्यात आला आणि त्यात दोन जत्रांची चित्रीकरणे कायमची गेली. म्हणून या वेळी कोणतेही बटण दाबण्यापूर्वी विचारतो आहे.

यंत्रसोबती :

आपण आधी विचारलेत हे फार चांगले झाले. आपल्या प्रश्नात दोन वेगळे प्रश्न एकत्र आले आहेत आणि त्यांची उत्तरेही वेगळी आहेत, म्हणून थोडे सविस्तर लिहितो.

फाइल सिस्टीम म्हणजे डिस्कवरचे दप्तर. शेत कुठे आहे, त्याची हद्द कुठवर जाते आणि ते कोणाच्या नावावर आहे, हे सातबाऱ्यावर लिहिलेले असते, पण सातबारा म्हणजे शेत नव्हे. त्याचप्रमाणे आपल्या चित्रीकरणाचे बाइट डिस्कवर एका ठिकाणी असतात, आणि कोणत्या नावाची फाइल कोणकोणत्या तुकड्यांत साठवली आहे, याची नोंद दुसऱ्या ठिकाणी असते. फॅट ३२ च्या नोंदीत फाइलच्या आकारासाठी ३२ बिटांचाच रकाना ठेवलेला आहे, म्हणून ४,२९,४९,६७,२९५ बाइटांपेक्षा मोठा आकार तिथे लिहिताच येत नाही. आपली अडचण जागेची नसून या रकान्याची आहे. ही रचना १९९६ साली विंडोज ९५ च्या सुधारित आवृत्तीबरोबर आली, आणि त्या काळी संपूर्ण हार्ड डिस्कसुद्धा अनेकदा ४ जीबीहून लहान असे.

फॅट ३२ वरून एनटीएफएसवर जागच्या जागी जाण्याची सोय विंडोजमध्येच आहे. ‘कन्व्हर्ट’ नावाची कमांड प्रशासकाच्या अधिकाराने उघडलेल्या कमांड प्रॉम्प्टमध्ये चालवायची असते. कन्व्हर्ट, मग ड्राइव्हचे अक्षर व विसर्गचिन्ह (कोलन), मग तिरकी रेघ देऊन एफएस, पुन्हा विसर्गचिन्ह आणि शेवटी एनटीएफएस, अशी ती रोमन अक्षरांत टंकित करावी लागते. कमांड आधी जुनी रचना तपासते, मग मोकळ्या जागेत एनटीएफएसचे नवे दप्तर तयार करते आणि फाइलींचे बाइट जिथे आहेत तिथेच ठेवून त्यांच्या नोंदी नव्या दप्तरात उतरवते. जुने दप्तर शेवटच्या टप्प्यापर्यंत शाबूत राहते. अगदी अखेरीस बूट सेक्टर (डिस्कच्या आरंभीची ओळखीची नोंद) बदलला जातो, आणि तिथून पुढे डिस्क एनटीएफएस म्हणून ओळखली जाते. आपल्याकडे तीनशेहून अधिक जीबी मोकळी आहे, तेव्हा जागेची अडचण येणार नाही. सुरुवातीला ही कमांड ड्राइव्हचे नाव विचारते. ते आपण देवनागरीत ठेवले असेल, तर आधी बदलून साधे रोमन अक्षरांतले ठेवावे, कारण त्या काळ्या खिडकीत देवनागरी टंकित करणे त्रासाचे होते.

हा रस्ता एकेरी आहे. एनटीएफएसवरून फॅट ३२ वर याच कमांडने परतता येत नाही, आणि एक्सफॅटकडे तर ती मुळीच नेत नाही. एक्सफॅट हवे असेल, तर विंडोजकडे फॉरमॅट हा एकच पर्याय आहे, आणि त्यात जुने दप्तर जाते. त्यामुळे मॅकची अट कायम असेल, तर आपल्याला दुसरी डिस्क लागेलच.

एका नामसाधर्म्यापासून मात्र सावध राहावे. ‘डिस्कपार्ट’ या साधनातही कन्व्हर्ट नावाची एक आज्ञा आहे, पण तिचा फाइल सिस्टीमशी संबंध नाही. ती पार्टिशनच्या (डिस्कच्या विभागांच्या) तक्त्याचा प्रकार बदलते, आणि त्यासाठी डिस्क रिकामी असावी लागते. ती डिस्क रिकामी करण्यासाठी ‘क्लीन’ चालवा, असे सांगणारे लेख आंतरजालावर पुष्कळ आहेत. तो सल्ला आपल्यासाठी नाही. तो अमलात आणलात, तर पार्टिशनची नोंदच पुसली जाईल.

अक्षरवेध :

मी स्वतः मॅकवर काम करते, म्हणून त्या बाजूचे सांगते. मॅकवर एनटीएफएस डिस्क वाचता येते, पण मूळ व्यवस्थेत तिच्यावर लिहिता येत नाही. आपले स्नेही चित्रीकरण पाहू शकतील, स्वतःच्या संगणकावर उतरवून घेऊ शकतील, परंतु संकलित झालेले आख्यान त्याच डिस्कवर परत ठेवू शकणार नाहीत. एक्सफॅट मात्र दोन्हीकडे वाचता व लिहिता येते: मॅकवर २०१० साली आलेल्या १०.६.५ या आवृत्तीपासून, आणि विंडोजवर विंडोज ७ पासून कोणतीही भर न घालता. मायक्रोसॉफ्टने २०१९ साली त्याचा तपशील खुला केल्यावर लिनक्सच्या कर्नलमध्येही ते आले.

एक्सफॅटची उणीवही सांगायला हवी. एनटीएफएस आपल्या दप्तरातील बदल आधी एका रोजनाम्यात लिहून ठेवते, त्यामुळे मध्येच केबल निघाली तर पुन्हा जोडताना नोंदी सावरता येतात. एक्सफॅटमध्ये असा रोजनामा नाही. डिस्क काढण्यापूर्वी प्रत्येक वेळी ‘सुरक्षितपणे काढा’ किंवा मॅकवर ‘इजेक्ट’ करणे आवश्यक आहे, आणि घाईच्या वेळी नेमके तेच राहून जाते. तसेच १ टीबीच्या डिस्कवर एक्सफॅट सहसा १२८ केबीचे क्लस्टर (जागावाटपाचे सर्वांत लहान एकक) घेते, म्हणजे ५ केबीची टिपणाची फाइलसुद्धा १२८ केबी जागा अडवते. चित्रीकरणांसाठी हे नगण्य आहे. हजारो लहान टिपणे असतील, तर विचार करावा.

आता एक गोष्ट, जी मराठी नावांच्या फाइली असणाऱ्यांनाच भेडसावते. आपल्या स्नेह्यांच्या मॅकवरची जुनी डिस्क एचएफएस प्लस या मॅकच्या जुन्या फाइल सिस्टीमची असेल, तर तिथे फाइलींची नावे युनिकोडच्या विलग रूपात साठवली जातात. ‘तऱ्हा’, ‘दऱ्या’, ‘सुऱ्या’ यांसारख्या शब्दांतला ‘ऱ’ आपण एका चिन्हाने टंकित करतो, पण त्या डिस्कवर तो ‘र’ आणि खालचा नुक्ता अशा दोन चिन्हांत मोडून ठेवला जातो. डोळ्यांना दोन्ही नावे सारखीच दिसतात. तुलना करणाऱ्या साधनाला ती वेगळी वाटू शकतात. नकलेची पडताळणी करताना ‘ही फाइल नाही’ असे दिसले आणि नावात ‘ऱ’ असला, तर घाबरून काही पुसू नका. आधी आकार आणि चेकसम (फाइलच्या बाइटांवरून काढलेली ओळखसंख्या) पाहा. मराठी लेखांचा संग्रह हलवताना मी या एका अक्षरामागे एक अख्खी दुपार घालवली आहे.

घाटमाथा :

वरील उत्तरांचा आदर ठेवून थोडे वेगळे मत मांडतो. मी आजवर पाच-सहा डिस्का फॅट ३२ वरून एनटीएफएसवर कन्व्हर्टनेच नेल्या आहेत, त्यांपैकी दोन भरगच्च भरलेल्या होत्या आणि बॅकअप एकाचाही नव्हता. एकही फाइल गेली नाही. यंत्रसोबती यांनीच लिहिल्याप्रमाणे जुने दप्तर शेवटपर्यंत शाबूत राहते. मग प्रश्नकर्त्यांना आधी नवी डिस्क विकत घ्यायला लावणे कितपत योग्य आहे? जत्रेजत्रेला स्वखर्चाने फिरणाऱ्या माणसाला तो खर्च लहान नसतो. एक्सफॅटच हवे असेल, तर आधी एनटीएफएस करून घ्यावे, मग ‘श्रिंक’ करून, म्हणजे पार्टिशन लहान करून, मोकळ्या जागेत एक्सफॅटचे पार्टिशन काढावे, निम्म्या फाइली तिकडे न्याव्यात, पुन्हा श्रिंक करावे, आणि असे टप्प्याटप्प्याने सगळे हलवावे. वेळ लागेल, पण पैसे लागणार नाहीत.

यंत्रसोबती :

घाटमाथा, आपला अनुभव खरा आहे, आणि कन्व्हर्ट ही बेजबाबदार कमांड आहे असे मी म्हणणार नाही. पण तिची सुरक्षितता तिच्या स्वतःच्या चुकांपुरती आहे. ती चालू असताना डिस्कचा एखादा सेक्टर (साठवणीचा लहान कप्पा) वाचता आला नाही, यूएसबीची केबल सैल होऊन जोडणी तुटली किंवा लॅपटॉप झोपी गेला, तर जुने दप्तर बदलले न जाणे ही आशा असते, हमी नसते. बारा-तेरा वर्षे वापरलेल्या डिस्कच्या बाबतीत मला रूपांतरापेक्षा तिच्या वयाची भीती जास्त वाटते. जागच्या जागी रूपांतर यशस्वी झाले तरी शेवटी साठ्याची एकच प्रत उरते, आणि ती त्याच थकलेल्या डिस्कवर असते.

श्रिंकच्या मार्गात आणखी एक अडचण आहे, जी मध्यावर गेल्यावर लक्षात येते. विंडोजमध्ये श्रिंक केल्यावर मोकळी जागा एनटीएफएस पार्टिशनच्या उजव्या बाजूला तयार होते. पहिल्या खेपेला तिथे एक्सफॅटचे पार्टिशन उभे राहते. दुसऱ्या खेपेला मोकळी झालेली जागा त्या एक्सफॅट पार्टिशनच्या डावीकडे येते, आणि डिस्क मॅनेजमेंटमधून एक्सफॅट वाढवता येत नाही. वाढवता येते ते एनटीएफएस, तेही उजवीकडे लागून असलेल्या जागेत. परिणामी एका मोठ्या एक्सफॅट पार्टिशनऐवजी तीन-चार तुकडे पदरी पडतात, आणि या सगळ्या हलवाहलवीत प्रत्येक फाइलची प्रत कायम एकच असते. वाचलेल्या पैशांच्या मानाने हा धोका मला फार मोठा वाटतो.

जागच्या जागी रूपांतर मोठ्या प्रमाणावर आणि भरवशाने झाल्याचे उदाहरण हवे असेल, तर २०१७ च्या मार्च महिन्यात आलेल्या आयओएस १०.३ चे घ्यावे. त्या एका अद्ययावतीत असंख्य आयफोनांची फाइल सिस्टीम एचएफएस प्लसवरून एपीएफएस झाली, आणि बहुतेकांना ती बदलल्याचे कळलेही नाही. मात्र त्याआधीच्या आवृत्त्यांमध्ये ॲपलने फोनांवर रूपांतराची रंगीत तालीम करून घेतली होती: नवे दप्तर लिहायचे, बरोबर उतरले का हे तपासायचे आणि मग जुनेच चालू ठेवायचे. आपल्याकडे एकच डिस्क आहे आणि तिची तालीम घेण्याची सोय नाही.

म्हणून तळकोकणी यांना माझा सल्ला असा. प्रथम क्रिस्टलडिस्कइन्फोसारख्या साधनाने डिस्कची स्मार्ट नोंद, म्हणजे डिस्क स्वतःच्या प्रकृतीची ठेवते ती नोंद, पाहावी. ‘रिअलोकेटेड’ (खराब म्हणून बदललेल्या) आणि ‘पेंडिंग’ (नीट वाचता न येणाऱ्या) सेक्टरांपुढचा आकडा शून्य नसेल, तर रूपांतराचा विचार तिथेच सोडावा. ‘चेकडिस्क’ चालवायचे असेल, तर दुरुस्तीचा एफ हा पर्याय न देता फक्त पाहणीपुरते चालवावे, कारण दुरुस्तीच्या वेळी फॅटच्या नोंदीतले न जुळणारे तुकडे ते कापून वेगळ्या फाइलींत टाकते आणि त्यानंतर मूळ स्थिती परत मिळत नाही. आधी नक्कल आणि मगच दुरुस्ती, हा क्रम उलटा करू नये.

नवी डिस्क घेतल्यास ती एक्सफॅटमध्ये फॉरमॅट करावी आणि नकलेसाठी एक्सप्लोररमध्ये ओढून टाकण्याऐवजी विंडोजमधील ‘रोबोकॉपी’ वापरावे. उपफोल्डरांसाठी त्यात ई हा पर्याय द्यावा. ‘मिर’ हा पर्याय अजिबात देऊ नये, कारण तो स्रोतात नसलेल्या फाइली गंतव्यातून पुसतो, आणि स्रोत व गंतव्य लिहिताना अदलाबदल झाली तर भरलेली डिस्क रिकामी होते. न वाचता येणारी फाइल आढळली, तर रोबोकॉपी आपण होऊन दहा लाख वेळा, प्रत्येक वेळी ३० सेकंद थांबून, प्रयत्न करत राहते; म्हणून आर पुढे २ आणि डब्ल्यू पुढे ५ असे आकडे द्यावेत, आणि लॉग फाइल लॅपटॉपवर लिहून घ्यावी. यूएसबी ३ च्या जोडणीवर सेकंदाला १०० एमबीच्या आसपास वेग मिळाला, तर ६१० जीबीला दोन तासांच्या आत नक्कल होते; जुन्या यूएसबी २ वर पाच-सहा तास धरावेत.

नक्कल झाल्यावर नवी डिस्क सुरक्षितपणे काढून पुन्हा जोडावी, आणि मगच पॉवरशेलमधील ‘गेट-फाइलहॅश’ने दोन्ही डिस्कांवरील फाइलींचे चेकसम काढून ताडून पाहावेत. मधे डिस्क काढायची ती यासाठी की, नुकत्याच लिहिलेल्या फाइली कधी कधी डिस्कवरून न वाचता संगणकाच्या स्मृतीतूनच दिल्या जातात आणि पडताळणी फोल ठरते. हे सर्व जुळले की जुन्या डिस्कवर आपण कन्व्हर्ट चालवा वा फॉरमॅट करा, चिंता उरत नाही.

लिनक्सवाला :

आपल्याला विंडोज व मॅक लागते, त्यामुळे थोडक्यात लिहितो. पण हा धागा पुढे इतरही वाचतील. लिनक्समध्ये ईएक्सटी ३ वरून ईएक्सटी ४ कडे ‘ट्यून२एफएस’ने आणि ईएक्सटी ४ वरून बीटीआरएफएसकडे ‘बीटीआरएफएस-कन्व्हर्ट’ने जागच्या जागी जाता येते. दुसऱ्या साधनाची रचना मला विशेष आवडते, कारण ते मूळ फाइल सिस्टीमची प्रतिमा (हुबेहूब नक्कल) ‘ईएक्सटी२_सेव्ह्ड’ या नावाने जपून ठेवते. ती काढून टाकेपर्यंत आणि रचनेत मोठी उलथापालथ करेपर्यंत मागे फिरता येते. विंडोजच्या कन्व्हर्टमध्ये ही परतीची वाट नाही.

आपल्या फाइलींच्या नावांविषयी एक विचारावेसे वाटते. आख्यान, गाव, तिथी आणि कलावंतांची नावे असे सगळे आपण फाइलच्या नावातच लिहिता का? लिहीत असाल, तर पुढे कधी घरगुती नॅस (नेटवर्कवरून वापरायची साठवणपेटी) घेतल्यास अडचण येईल, कारण त्यांत सहसा ईएक्सटी ४ किंवा बीटीआरएफएस असते. तिथे नावाची मर्यादा २५५ बाइटांची आहे, आणि देवनागरीतले प्रत्येक चिन्ह ३ बाइट घेते. ‘कार्तिक’ हा शब्द मात्रा व हलन्त धरून ७ चिन्हांचा, म्हणजे २१ बाइटांचा होतो. एकूण ८५ चिन्हांच्या पुढे नाव गेले, तर ती फाइल तिथे बसत नाही. एनटीएफएस व एक्सफॅटमध्ये मर्यादा २५५ चिन्हांची असल्यामुळे हे तोवर लक्षात येत नाही.

तळकोकणी :

सर्वांचे मनापासून आभार. तीन आठवड्यांनी लिहितो आहे, कारण मधल्या काळात बरेच घडले.

यंत्रसोबती यांच्या सांगण्याप्रमाणे प्रथम स्मार्ट नोंद पाहिली. पेंडिंग सेक्टरांपुढे २४ हा आकडा होता. ती डिस्क माझ्याकडे रोज नीट चालत होती, आवाजही करत नव्हती, त्यामुळे हे पाहून मला धक्काच बसला. त्याच दिवशी रूपांतराचा विचार सोडला आणि २ टीबीची नवी डिस्क आणली. पैशांची सोय करायला थोडी ओढाताण झाली, पण आमच्या मंडळातील दोघांनी वाटा उचलला.

नवी डिस्क एक्सफॅट करून रोबोकॉपी सुरू केले. पहिल्या खेपेला आकडे देण्याचे विसरलो आणि ते एका फाइलवर अडून बसले. संगणक बंद पडला असे समजून मी दोन तास वाट पाहिली. मग थांबवून आर आणि डब्ल्यूचे आकडे देऊन पुन्हा चालवले, तेव्हा उरलेले काम रात्रीत पूर्ण झाले. लॉगमध्ये ३ फाइली वाचता न आल्याची नोंद होती. तिन्ही एकाच रात्रीच्या, एकामागून एक मुद्रित झालेल्या होत्या. उरलेल्या ४,३१८ फाइलींचे चेकसम जुळले. ‘ऱ’ मुळे कोणतीही फाइल वेगळी दिसली नाही, कारण ही डिस्क कधी एचएफएस प्लसवर गेलीच नव्हती. लिनक्सवाला, आपला अंदाज बरोबर आहे. माझी काही नावे शंभर चिन्हांच्याही पुढे जातात. ती आता वेगळ्या यादीत उतरवून फाइलींना लहान नावे देत आहे.

या तीन फाइलींचे काय करावे, एवढाच प्रश्न आता उरला आहे. त्यांपैकी एकीत ज्या कलावंतांचे गायन आहे, त्यांचे ते शेवटचे चित्रीकरण आहे.

यंत्रसोबती :

ती डिस्क आता विंडोजला जोडून वारंवार उघडू नका. प्रत्येक प्रयत्नात दुबळ्या भागावर ताण पडतो. लिनक्सच्या लाइव्ह पेन ड्राइव्हवरून संगणक सुरू करून ‘डीडीरेस्क्यू’ने संपूर्ण जुन्या डिस्कची प्रतिमा नव्या डिस्कवर काढावी. आपल्या २ टीबीमध्ये साठा भरल्यानंतरही १ टीबीची प्रतिमा मावेल एवढी जागा उरते, आणि एक्सफॅटला एवढी मोठी एकसंध फाइल चालते. हे साधन आधी सहज वाचता येणारा भाग उतरवून घेते आणि अडलेल्या जागांकडे नंतर परत येते. कुठवर वाचून झाले याची नोंद ते एका फाइलमध्ये ठेवते. ती नोंदफाइल लॅपटॉपवर ठेवा, म्हणजे मध्येच थांबून दुसऱ्या दिवशी तिथूनच पुढे जाता येईल. स्रोत आणि गंतव्य यांची नावे लिहिताना घरातल्या दुसऱ्या कोणाला तरी शेजारी बसवून मोठ्याने वाचून दाखवा. हे मी स्वतः नेहमी करतो.

तळकोकणी :

तसेच केले. मुलीला शेजारी बसवले होते आणि तिने एकदा माझी चूक खरोखरच पकडली. मी लॅपटॉपच्या एसएसडीचे नाव लिहून बसलो होतो. डीडीरेस्क्यू एकूण दीड दिवस चालले. प्रतिमेतून तिन्ही फाइली मिळाल्या. दोन संपूर्ण आहेत. तिसरीत काही केबीचा भाग वाचला गेला नाही, त्यामुळे एका जागी क्षणभर चित्र चौकोनांत फुटते, पण गाणे तुटत नाही.

जुन्या डिस्कवर आता काहीच लिहिणार नाही. नव्या डिस्कची दुसरी प्रत स्नेह्यांच्या घरी गोव्यात ठेवण्याचे ठरले आहे, त्यासाठी तेच एक डिस्क घेत आहेत. एक शेवटचे विचारतो: तुकडे जोडून अखंड आख्यान तयार केल्यावर मूळ तुकडे काढून टाकले तर चालतील का?

अक्षरवेध :

लगेच काढू नका. एकाच कॅमेऱ्याचे, एकाच मांडणीतले तुकडे असतील, तर ‘एफएफएमपेग’ने पुन्हा एन्कोड न करता ते जोडता येतात आणि चित्राचा दर्जा तसाच राहतो. पण काही कॅमेऱ्यांच्या तुकड्यांमध्ये जोडणीच्या जागी आवाज किंचित पुढेमागे होतो. पायपेटी आणि झांज यांच्यावर लक्ष ठेवून प्रत्येक जोड ऐकून पाहा, आणि जोडलेली फाइल दोन्ही डिस्कांवर पोहोचून तिचे चेकसम जुळेपर्यंत मूळ तुकडे आहेत तिथेच राहू द्या.